मेण काढलेली गिटार

दुपारच्या सुट्टीत दवाखान्याच्या दाराला आतून कडी घालून दातांच्या डॉक्टरांनी गिटारला खुर्चीवर झोपवलं. खुर्ची मागे कलली, वरचा दिवा लागला. सवयीच्या हातांनी त्यांनी तिच्या गळ्याभोवती कागदी रुमालसुद्धा बांधला आणि मग स्वतःशीच ओशाळून सोडला. बाहेरच्या बाकावर दाढ धरून बसलेला एक गृहस्थ दाराखालून येणाऱ्या उजेडाकडे बघत, आपला नंबर डावलून आत कोण घुसलं असेल, असा हिशेब करत होता.

गिटार डॉक्टरांच्या बायकोची होती. इलेक्ट्रिक, काळपट लाल, तिने कॉलेजात असताना घेतलेली. आणि ती नक्कल होती. एका बड्या कंपनीच्या महागड्या गिटारवरून दुसऱ्याच कुठल्यातरी कारखान्याने बेधडक उचललेली, लांबून बघणाऱ्याला फसवण्याइतकी सारखी आणि जवळून बघणाऱ्याला हसवण्याइतकी वेगळी. मूळ गिटारचं अंग सलग लाकडाचं, हिचं प्लायवूडचं. मूळ गिटारचा गळा अंगाला सरसाने जोडलेला, इथे चार स्क्रू मारून मोकळे झालेले.

त्या काळात असल्या गिटारी ज्यांना मूळ परवडत नाही ते घेत आणि कोणी विचारलं की विषय बदलत. पुढे ते सगळे वयाने आणि खिशाने वाढले. आता मूळ गिटार सहज घेता आली असती, पण आता त्यांना ती नकोच होती. त्यांना तीच नक्कल हवी होती जिची तेव्हा लाज वाटायची. मागणी आली तशा किमती चढल्या, आणि किमती चढल्या तसे काही हुशार लोक जुन्या नकलांच्या नव्या नकला काढायला लागले. म्हणजे खरी नक्कल कोणती आणि खोटी नक्कल कोणती, हे सांगणाऱ्या माणसांची गरज निर्माण झाली. त्यातून मंडळ जन्माला आलं.

मंडळाची बैठक रंगाच्या दुकानावरच्या खोलीत भरायची. अध्यक्ष पूर्वी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांना सगळे तराजूकाका म्हणत, कारण ते कुठल्याही गिटारशी पहिली ओळख वजनकाट्यावर करून घेत. त्यांच्या उजव्या हाताला बसणारे गृहस्थ प्लायवूडचे व्यापारी होते आणि नखाने टिचकी मारून लाकडाचे पदर मोजत. मंडळाचं शास्त्र एका सिद्धांतावर उभं होतं. नव्याने नक्कल करणारा माणूस नेहमी जास्तच चांगली गिटार बनवतो. त्याला चांगली यंत्रं मिळतात, चांगला डिंक मिळतो, आणि मुख्य म्हणजे पकडलं जायची भीती असते. जुन्या कारखान्याला कसलीच भीती नव्हती. त्यामुळे कामातली हयगय हाच जुनेपणाचा पुरावा. गिटार जितकी गचाळ तितकी खात्रीची. अगदीच खात्रीची असेल तिला ‘अ’ दर्जा, मागाहून कोणी हात लावलेली असेल तिला ‘ड’.

आणखी एक नियम होता, तो सगळ्यांत कडक. परीक्षणात गिटार वाजवायची नाही. एकदा एका सभासदाने हळूच वाजवून बघितली होती, त्याला आवाज आवडला आणि त्याने भरात येऊन चढा दर्जा दिला. त्याला काढून टाकण्यात आलं. कानाने माणूस वाहवत जातो, असं तराजूकाकांचं म्हणणं होतं.

डॉक्टर या मंडळात वर्षभर उमेदवार होते. स्वतः शोधलेली एक ‘अ’ दर्जाची गिटार आणून दाखवली की उमेदवाराचा परीक्षक होतो, छातीला पितळी बिल्ला लागतो. दातांच्या धंद्यात लोक डॉक्टरांसमोर तोंड उघडतात ते नाइलाजाने. आपलं मत ऐकायला कोणी आपण होऊन यावं, ही त्यांची फार जुनी हौस होती. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, भंगारवाले धुंडाळले. आणि एके दिवशी बायको गिटार पुसत असताना मागच्या पत्र्यावर कोरलेल्या नावावर त्यांची नजर गेली. तोच कारखाना. तीच वाकडी अक्षरं. वर्षभर ज्याच्यासाठी वणवण केली ते पलंगाखाली होतं.

एकच अडचण होती. गिटार चांगली वाजत होती.

बायकोने ती वर्षानुवर्षं वापरली होती आणि एका दुरुस्तीवाल्याकडून हळूहळू माणसात आणली होती. डोक्याकडच्या ज्या पट्टीवरून तारा खुंट्यांकडे जातात ती कारखान्याने पोकळ प्लॅस्टिकची दिलेली. तिथे आता हाडाची होती. खुंट्या बदललेल्या होत्या. आणि पिकअपमध्ये मेण होतं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तारेची गुंडाळी. तारांची थरथर तिथे पकडली जाते आणि वायरीतून बाहेर जाते. गुंडाळी सैल असेल तर ती स्वतःच थरथरायला लागते आणि आवाज वाढवला की किंचाळते. म्हणून ती पातळ मेणात बुडवून घट्ट करतात. कारखान्याने मेणाचा खर्च वाचवला होता, दुरुस्तीवाल्याने तो भरून काढला होता.

मंडळाच्या भाषेत या सगळ्याला छेडछाड म्हणत.

“फक्त जरा साफसफाई करतो,” असं बायकोला सांगून डॉक्टरांनी गिटार दवाखान्यात आणली. कारखान्याचे जुने भाग तिने जपून ठेवले होते, तेही बरोबर घेतले. घसरणाऱ्या खुंट्या परत चढल्या. हाडाची पट्टी काढून तिथे प्लॅस्टिक बसवताना त्यांचा हात क्षणभर अडखळला, कारण आयुष्यभर त्यांनी नेमकं याच्या उलटं काम केलं होतं. राहिलं मेण. पण मेण वितळवून काढणं हा तर कवळी करणाऱ्या माणसाच्या डाव्या हातचा मळ. पिकअप कवळीचं मेण वितळवायच्या उपकरणाच्या मंद उबेत ठेवला, खाली कापूस अंथरला, आणि थेंब थेंब मेण कापसात उतरताना डॉक्टर समाधानाने डबा उघडून पोळी खात बसले. वाजवताना फरक पडेल का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला होता. पण बायको एवढी तरबेज आहे, ती सांभाळून घेईल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

घरी वातावरण तापायला लागलं होतं. बायको पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत प्रमुख होती आणि कॉलेजात असताना बँडमध्ये गिटार वाजवायची. नोकऱ्या लागल्या, बँड विस्कटला. आता ड्रमर मुलाकडे कायमचा राहायला निघाला होता, म्हणून जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, सगळ्यांनी मिळून ग्रंथालयाच्या सभागृहात वाजवायचं ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी. ती कित्येक महिने रोज बसत होती. बोटांना पुन्हा घट्टे पडले होते आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती.

“भावोजी,” धाकटी मेहुणी म्हणाली. बँडमध्ये ती गायची, आणि गात नसेल तेव्हा डॉक्टरांना टोचायची. “ताईची गिटार दवाखान्यात ॲडमिट करून आठवडा झाला. डिस्चार्ज कधी?”

“निरीक्षणाखाली आहे.”

“नातेवाइकांना भेटू तरी द्या. ताई माझ्या साध्या, बिनवायरच्या गिटारवर सराव करतेय, बिचारी.”

“अरे, मला ती गुरुवारपर्यंत हवीय,” बायको म्हणाली.

“शनिवारी दुपारी मंडळात दाखवायची आहे. तिथूनच घे ना. सभागृह दोन पावलांवर तर आहे. हातमोजे घालून बघतील आणि परत देतील.”

“दाखव. प्रदर्शन मांड, प्रबंध लिही. पण संध्याकाळी वाजली पाहिजे.”

“वाजेल की. न वाजायला काय झालंय?”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर डॉक्टर लगेच हात धुवायला उठले, जेवण व्हायचं असताना.

शनिवारी दुपारी गिटार पांढऱ्या पंचावर उताणी पडली आणि सभासद तिच्याभोवती गोळा झाले. कोणी मोठ्याने श्वास घेत नव्हतं. तराजूकाकांनी वजन केलं, आकडा पुटपुटला, पुन्हा केलं. डॉक्टरांनी दातांच्या एक्सरेच्या छोट्या छोट्या फिल्मा जोडून गिटारच्या पोटाचा फोटो केला होता, तो प्लायवूडवाल्यांनी खिडकीशी धरला.

“पाच पदर. आणि हे बघा, मधल्या पदराला चीर! चिरेतून डिंक बाहेर आलाय, कोणी पुसलासुद्धा नाही.”

“पुसलासुद्धा नाही,” मागून कोणीतरी भारावून म्हणालं.

“गळा बसवायला खाली पुठ्ठा घातलाय, पुठ्ठा! बहुतेक चपलांच्या खोक्याचा.”

“अहाहा.”

तराजूकाकांनी पिकअप उचलला आणि डोळे मिटून हुंगला. खोलीत रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास कायमचा मुरलेला, त्यातून त्यांचं नाक वाट काढत होतं. “मेण नाही,” ते अखेर म्हणाले. “ज्या गुंडाळीला दोन चमचे मेण पुरलं असतं तिथेही त्यांनी ते घातलं नाही. काय हा कंजूसपणा! अस्सल. निर्भेळ.”

डॉक्टर नम्रपणे पायाच्या अंगठ्याकडे बघत उभे राहिले.

‘अ’ दर्जा एकमताने मिळाला. मंडळाच्या शिक्क्याची चिकटपट्टी गिटारच्या कडेला, वायर खुपसायच्या भोकावर लावण्यात आली. ती तुटली की दर्जा गेला. बिल्ला लावताना तराजूकाकांनी डॉक्टरांच्या शर्टाला आणि थोडा डॉक्टरांनाही टोचला. टाळ्या चालू असतानाच दार उघडलं. बायको आत आली, आणि तिच्या मागे एक छोटा ॲम्प्लिफायर कमरेवर कळशीसारखा घेऊन मेहुणी.

“झालं कौतुक? दे,” बायको म्हणाली. “जाण्याआधी इथेच एकदा लावून बघते.”

“लावून म्हणजे?” प्लायवूडवाल्यांनी विचारलं.

“वायर लावून.”

तराजूकाका पुढे झाले. “वहिनी, आपण शास्त्रातलं माणूस. तुम्ही पाण्याचा नमुना पिऊन तपासता का?”

“नाही. पण पाणी पिण्यासाठी असतं हे आम्ही विसरत नाही,” ती म्हणाली, आणि नखाने शिक्क्याची पट्टी टर्रकन ओढून काढली.

सभासदांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा डॉक्टरांनी फक्त दाढ उपटताना ऐकला होता. पण त्याहून मोठा आवाज यायचा होता. तिने वायर लावली, बटण फिरवलं, आणि गिटार तिला कोणी हात लावायच्या आत किंचाळली. खिडकीच्या काचा थरथरल्या. खालच्या दुकानातून कोणीतरी “काय झालं?” म्हणून ओरडलं. नियमाप्रमाणे सभासदांनी कानांवर हात नेले, पण बोटं सैल ठेवली.

“हीच ती किंकाळी!” प्लायवूडवाले डोळे पुसत म्हणाले. “हिच्याबद्दल नुसतं वाचलं होतं!”

बायकोने आवाज कमी केला आणि खुंटी पिळली. तार चढली, प्लॅस्टिकच्या खाचेत अडकली, टक् करून सुटली आणि भलत्याच सुरात जाऊन बसली. तिने पुन्हा पिळली. खुंटी आपल्या मनाने मागे फिरली. तिने पट्टीकडे बघितलं, खुंट्यांकडे बघितलं, पिकअपकडे बघितलं. मग नवऱ्याकडे.

“अहो डॉक्टर,” ती म्हणाली.

लग्नाच्या एवढ्या वर्षांत ती त्यांना ‘अहो’ दोनदाच म्हणाली होती, आणि दोन्ही वेळा डॉक्टर रात्री बैठकीच्या खोलीत झोपले होते.

“मूळचे भाग आहेत,” डॉक्टर म्हणाले. “तुझेच.”

“आणि मेण?”

डॉक्टरांनी छातीवरचा बिल्ला तळहाताने झाकला.

“मला तासाभरात उभं राहायचंय,” ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “ड्रमर उद्या जातोय. परत हा दिवस नाही. मी वाजवू कशावर?”

मेहुणी प्रथमच टोचण्यासारखं काही बोलली नाही, म्हणजे प्रकरण खरोखर हाताबाहेर गेलं होतं.

बायकोने खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर ‘अ’ आणि ‘ब’ दर्जाच्या गिटारी टांगल्या होत्या, सगळ्यांच्या तारा सैल सोडलेल्या. फक्त कोपऱ्यात एक हिरवट गिटार स्टुलाला टेकून उभी होती. तिचं नाव ठिगळ. नव्या उमेदवारांना छेडछाड म्हणजे काय हे शिकवायला मंडळाने ती बाळगली होती. कुठल्याशा बिचाऱ्याने आयुष्यभर वाजवताना तिचा एकेक अवयव बदलला होता, आणि कारखान्याचं म्हणावं असं तिच्यात लाकूडच काय ते उरलं होतं. तिच्यावर सभासद आपले हातमोजे वाळत घालत.

बायकोने हातमोजे उचलून बाजूला ठेवले, तारा सुरात लावल्या आणि वायर जोडली. तारा लागल्या तशा राहिल्या. तिने एक सूर छेडला. तो उठला, भरला, खोलीभर फिरून सावकाश खाली आला. मग तिने बोटं सरसरवली आणि एक छोटीशी सुरावट वाजवली. सभासद आता कान घट्ट दाबून उभे होते, तरी दोघातिघांचे पाय ठेक्यात हलत होते.

“ही मी नेते,” ती म्हणाली.

“अशक्य,” तराजूकाका म्हणाले. “मंडळाची वस्तू बाहेर जात नाही. नियमात फक्त अदलाबदल बसते.”

“मग माझी ठेवा.”

तराजूकाकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सोनं स्वतःहून चालत घरात येत होतं. पण ते तराजूकाका होते. “समान दर्जाची अदलाबदल,” ते जड आवाजात म्हणाले. “तुमची ‘अ’, ही ‘ड’. पट्टी तुटली ती आमच्या डोळ्यांसमोर, नवी लावता येते. आमचा फायदा होतोय म्हणून आम्ही नियम मोडणार नाही.”

“मग हिला ‘अ’ द्या आणि मोकळे व्हा!” मेहुणी म्हणाली.

“मेलो तरी नाही.”

बायको ठिगळ गळ्यात अडकवून तशीच उभी होती. तिची डाव्या हाताची बोटं आपोआप तारांवर चालत होती, आवाज न करता. डॉक्टरांनी त्या बोटांकडे बघितलं. महिनोन्महिने ते घट्टे त्यांना दाखवले जात होते आणि ते दर वेळी “वा” म्हणून वर्तमानपत्रात डोकं घालत होते. छातीवरचा बिल्ला अजून टोचत होता. तो लावून त्यांना पुरती दहा मिनिटंही झाली नव्हती.

“मग माझ्या... म्हणजे तिच्या गिटारला ‘ड’ द्या,” ते म्हणाले.

“काय?”

“मेण कारखान्याने घातलं नव्हतं हे खरं. पण मागाहून घातलं होतं. ते मी काढलं, गेल्या आठवड्यात, दवाखान्यात. पट्टी मी बदलली, खुंट्या मी बदलल्या. दोष कारखान्याचा असेल तर गुण, घरचा असेल तर गुन्हा. नियम तुमचाच.”

“डॉक्टर, तुम्ही घरच्या दबावाखाली बोलताय,” तराजूकाका कळवळून म्हणाले. “असल्या कबुलीवर मी दर्जा उतरवू शकत नाही. पुरावा लागतो.”

आपण गुन्हा केला हे पटवण्यासाठी एवढी मेहनत पडेल, असं डॉक्टरांना वाटलं नव्हतं. त्यांनी पिकअप खोलला. मेण कधीच पूर्ण निघत नाही; कवळीच्या साच्यातसुद्धा कोपऱ्याला चिकटून राहतंच. त्यांनी एक सुई काडेपेटीच्या काडीवर तापवली आणि गुंडाळीच्या खाली, चुंबकाच्या कडेला टेकवली. चुर्र झालं. धुराची बारीक रेघ उठली आणि विझवलेल्या मेणबत्तीचा वास सगळ्यांच्या नाकात गेला.

तराजूकाकांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. त्यांच्या नाकाला खोटं बोलता येत नव्हतं. “ड,” ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले. मग बसल्या बसल्याच त्यांनी हात पुढे केला. डॉक्टरांनी बिल्ला काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

“दोन्ही ‘ड’,” प्लायवूडवाले खिन्नपणे म्हणाले. “अदलाबदल नियमात बसते.”

बायकोने आपल्या लाल गिटारच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. “मी तिला मेण परत घालून देतो,” डॉक्टर घाईने म्हणाले. “हाडाची पट्टी, खुंट्या, सगळं. सोमवारपर्यंत...”

“कार्यक्रम आज आहे,” ती म्हणाली. “चल, ॲम्प्लिफायर उचल.”

सभागृह निम्मं भरलं होतं. निम्म्यांत नातेवाईक, आणि उरलेल्यांत ग्रंथालयातून हुसकून न लावलेले वाचक. डॉक्टर पहिल्या रांगेत बसले, पायाशी गिटारची रिकामी पेटी घेऊन. ते गिटारीविषयी इतकं जाणत होते की तिच्यावर एखादं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. पहिली काही मिनिटं ते जोडकाम बघत बसले. मग ड्रमरने काठ्या आपटल्या, मेहुणीने तान घेतली, बायको एक पाऊल पुढे आली आणि डॉक्टरांची नजर गळ्याच्या जोडावरून सुटली ती सुटलीच. टाळ्या त्यांनी चुकीच्या ठिकाणी वाजवल्या, पण जोरात वाजवल्या. दाराच्या फटीत प्लायवूडवाले उभे होते. ते आत येत नव्हते आणि जातही नव्हते.

मध्यंतरात बायको घामाने निथळत खाली आली आणि गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली.

“एक तार सारखी झिणझिणतेय. बघतोस?”

डॉक्टरांचे दोन्ही हात पुढे गेले आणि हवेतच थांबले. खिशात सुई होती, चिमटा होता, छोटा पेचकस होता. त्यांनी यातलं काहीच काढलं नाही. खुर्चीवर आडव्या होणाऱ्या प्रत्येक माणसाला ते जे विचारत आणि तिच्या गिटारबद्दल कधी विचारलं नव्हतं, ते त्यांनी बायकोला विचारलं.

“कुठे दुखतंय?”

ती खाली वाकली, त्यांचं बोट धरलं आणि तारेवर नेमक्या जागी नेऊन ठेवलं. “इथे,” ती म्हणाली. “आणि मी सांगेन तेवढंच कर.”